व्याह्यांचं राखाडी घर

अख्ख्या सोलापुरात रंग कळणारा एकच माणूस आहे आणि तो माझा व्याही आहे. हे मत त्यांचं स्वतःचं आहे, पण मी मुलीचा बाप असल्यामुळे ते माझंही आहे. मुलगी त्यांच्या घरात देऊन नऊ वर्षं झाली. ती आणि जावई पुण्याला असतात. इकडे आम्ही दोन्हीकडची म्हातारी माणसं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो, रोज एकमेकांकडे चहा पितो, पाणी यायच्या दिवशी एकमेकांना फोन करून उठवतो. तरी ‘मुलीकडचे’ हे पद काही माझ्या अंगावरून उतरलेलं नाही. चौतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवलेला मी, व्याह्यांनी उद्या दक्षिणेचं मंद्रूप सोलापूरच्या उत्तरेला आहे असं सांगितलं, तर ‘हल्ली रस्ते फार बदललेत’ एवढंच म्हणेन.

व्याही चादरींच्या एका कारखान्यात रंगखात्याचे मास्तर होते. सुताच्या लडीला हवा तोच रंग उतरला की नाही, हे ठरवायचा अधिकार त्यांचा. निवृत्त होताना तो त्यांनी कारखान्यात ठेवला नाही, बरोबर घरी आणला. रंग बघायचे त्यांचे कायदे आहेत. रंग उत्तरेच्या दारात बघायचा, सकाळी दहा ते बारा या वेळात बघायचा, आणि आधी ओला, मग वाळलेला असा दोनदा बघायचा. लग्नाच्या बस्त्याच्या वेळी या कायद्यांचा पहिला प्रसाद आम्हाला मिळाला. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग घातलेला, माझी बायको मुलीच्या खांद्यावर पदर टाकून बघतेय, आणि व्याही एकेक साडी उचलून भर रस्त्यात, रिक्षांच्या मधे जाऊन उभे! “दिव्याखाली रंग बघत न्हाईत,” ते दुकानदाराला म्हणाले, “दिवा लबाड असतोय.” मग त्यांनी पदराच्या आतल्या बाजूचा एक सुटा धागा जिभेवर ओला करून बघितला. दुकानदाराचा चेहरा सुतकी झाला. “हिचा डाळिंबी तिसऱ्या धुण्याला मरतोय,” असा निकाल देऊन त्यांनी साडी परत केली. ती साडी माझ्या मेहुणीनं हट्टानं स्वतःसाठी घेतली, आणि तिसऱ्या धुण्याला तिचा डाळिंबी खरोखरच मेला. हे कबूल करायला मला आजही जड जातं.

अशा या माणसानं दोन वर्षांपूर्वी घराला रंग द्यायचं काढलं. दुकानातून रंगांचं पुस्तक आणलं, उत्तरेच्या दारात बसून सकाळी दहा ते बारा असे तीन दिवस बघितलं, थुंकी लावून बघितलं, आणि शेवटी एका चौकोनावर नखानं खूण केली. “राखाडी,” ते म्हणाले. “सभ्य रंग हाय. धूळ दिसत न्हाय, ऊन सोसतोय.” रंगाऱ्यानं डबा उघडला, आत बघितलं, व्याह्यांकडे बघितलं आणि म्हणाला, “अण्णा, ह्यो तर...” व्याही म्हणाले, “मला रंग शिकवलालास व्हय?” रंगाऱ्यानं तोंड मिटलं ते घर पुरं होईपर्यंत उघडलं नाही. पाचव्या दिवशी आमच्या भागात एक लख्ख जांभळं घर उभं राहिलं. गल्लीतली माणसं थांबून बघू लागली. माणूस आयुष्यभर रंगात बुडालेला, त्याच्या डोक्यात काहीतरी असेल, असं समजून कुणी काही बोललं नाही. मी तर दोनदा ‘फार शांत रंग निवडलात’ असं म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझ्या बायकोनं मला चिमटा काढला.

रंगानंतर त्यांचा दुसरा नाद म्हणजे रेडिओ. गाण्याबातम्यांचा नव्हे, बोलायचा. हौशी लोक परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून घरातून एकमेकांशी बोलतात तो. व्याही तोंडानं बोलत नाहीत, टकटक करून बोलतात. आखूड टक आणि लांब टक यांनी अक्षरं करायची जुनी तारखात्याची भाषा त्यांनी तरुणपणी शिकून घेतली. ही भाषा अंगात इतकी मुरली आहे, की पंगतीत वाढपी उशीर करू लागला तर त्यांचं बोट पत्रावळीवर काहीतरी बोलू लागतं आणि ते काय बोलतं हे आपल्याला कळत नाही तेच बरं. या टकटकीतून त्यांना एक दोस्त मिळाला, कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनी गावचा. तिथं त्यांची धान्याची अडत. गेली तीस वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता सोलापूर आणि दुधनी एकमेकांशी टकटक करत आले. इतक्या वर्षांत दोघांची प्रत्यक्ष गाठ तीनदा पडली आणि तिन्ही वेळा, विहीणबाई सांगतात त्याप्रमाणे, दोघं ओट्यावर गप्प बसून होते. “काय बोलता तरी काय तुम्ही एवढं?” मी एकदा विचारलं. “तो इचारतोय, ऊटा आयता?” व्याही म्हणाले. कानडीत जेवण झालं का, असं. “मी सांगतो, झालं. मग मी इचारतो.” सकाळी दहा वाजता कसलं जेवण, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी मुलीचा बाप.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि व्याह्यांचा जुना सेट जागच्या जागी खलास झाला. तुम्ही म्हणाल, मग फोन करावा. पण दुधनीकरांचे कान गेलेले. फोनवर माणसाचा शब्द त्यांच्या कानात गेला की त्याचा चिखल होतो. ते पलीकडून ‘हां? हां?’ करत राहतात आणि शेवटी नातसून फोन घेऊन ‘आजोबांना कळंना झालंय’ म्हणून ठेवते. टकटक मात्र एकाच सुराची असते, ती त्यांना हेडफोनमधून स्वच्छ ऐकू येते. मोबाइलवर लिहून पाठवावं, तर इकडे व्याह्यांना अक्षर दिसत नाही, आणि सेट जळाल्याचं नातसुनेकरवी कळवणं त्यांना कमीपणाचं वाटलं. एकाला ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही. दोघांना जमेल अशी जगात एकच भाषा, आणि तिचं यंत्र जळलेलं. व्याही महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की सुटे भाग मागवायचे आणि नवा सेट आपल्या हातानं जोडायचा.

“आधी डोळ्याचं बघा,” विहीणबाई म्हणाल्या. डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगून वर्ष उलटलं होतं. पण व्याह्यांना ऑपरेशन नको होतं. भीती म्हणाल तर सुईची नव्हे, रंगांची. “माझी नजर काढणार आन काच बसवणार. जल्मभर माझ्या डोळ्यानं रंग बघितला, आता कुणाच्या काचंतनं बघू?” माझे दोन्ही डोळे होऊन चार वर्षं झाली होती, आणि काही होत नाही असं मी सांगून बघितलं. “तुमचं ठीक हाय, पाव्हणं,” ते म्हणाले. “तुमाला नकाशात चारच रंग लागायचे.”

सुटे भाग यायला दहा महिने लागले, आणि आले ते एवढ्याशा खोक्यात आले. व्याह्यांनी उत्तरेच्या दारात टेबल मांडलं. डोळ्यांवर चष्मा, त्यावर घड्याळजीसारखं भिंग, आणि हातात कापडातले धागे मोजायचं पितळी भिंग, अशा तीन मजल्यांतून ते त्या डाळीएवढ्या वस्तूंकडे बघू लागले. सूचनांचा कागद वाचायला माझी नेमणूक झाली. खाली पडलेला भाग दिसावा म्हणून टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, आणि हाताशी होता म्हणून घरचा सोलापुरी, धाग्यांच्या चांगल्या दाट फासांचा अंथरला. सोलापूरच्या माणसाला दुसरं काही सुचणारच नाही. पहिल्याच दिवशी त्या फासांनी अकरा भाग गिळले. मग रोज काम संपलं की विहीणबाई फणी घेऊन टॉवेल विंचरायच्या. एक तीन पायांचा तुकडा मात्र दोन दिवस सापडेना. तो शेवटी शेंगाचटणीच्या डब्याच्या झाकणाला चिकटलेला निघाला आणि पुसून, फुंकर मारून जागेवर बसला.

या भागांवर रंगाचे पट्टे असतात, आणि पट्ट्यांवरून कोणता भाग ते ओळखायचं. इथं व्याह्यांचं राज्य. एकेक भाग दारात धरायचा, जिभेला लावायचा, पुन्हा धरायचा आणि हुकूम सोडायचा. मी मीटर लावून खात्री करायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं, की ते म्हणायचे, “मीटर तपासून घ्या.” मीटर तीनदा तपासून घेतलं. शेवटी राहिल्या चार कॉइल, पत्र्याच्या टोपीच्या चौकोनी डब्या, सगळ्या अगदी सारख्या, फक्त डोक्यावर रंगाचा ठिपका. दोन राखाडी, दोन जांभळ्या. यांना मीटर चालत नाही, ठिपका हीच खूण. मी कागद वाचला. व्याह्यांनी हात पुढे केला, एकेक डबी उचलली, लावली आणि सोल्डरचे डाग दिले. मी कागदात डोकं घालून होतो, डब्यांकडे बघितलंच नाही. रंगाच्या कामात त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हे मला सुचलंही नसतं.

एकोणतीस दिवसांनी, रविवारी दहा वाजता, व्याह्यांनी देवाला नमस्कार करून बटण दाबलं. हेडफोनमध्ये बारीक खरखर आली, आणि त्यापलीकडे काही नाही. ना दुधनी, ना इतर कुणी. दहाचे साडेदहा झाले, अकरा झाले. त्यांनी डाग तपासले, तारा तपासल्या, गच्चीवरची एरियल तपासली. पुढचे तीन रविवार तेच. चौथ्या रविवारी त्यांनी पक्कड, चिमटे, भिंगं, सगळं एका जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधलं आणि म्हणाले, “हात गेले माझे, पाव्हणं.” मी या माणसाला कधी हरलेलं बघितलं नव्हतं.

ते चहा सांगायला आत गेले म्हणून मी उगीच तो सेट हातात घेऊन दारात आलो. वरून बघताना चार ठिपके दिसले. कागदानुसार दोन टोकांना राखाडी हवे होते आणि मधे जांभळे. इथं एक राखाडी, एक जांभळा, पुन्हा एक राखाडी, पुन्हा एक जांभळा. मी वर बघितलं. समोर भिंत होती. जांभळी. सभ्य, धूळ न दिसणारी, ऊन सोसणारी. एका क्षणात सगळा उलगडा झाला. डोक्यात काही नव्हतं त्यांच्या. मोतीबिंदूनं त्यांचा जांभळा गिळला होता, त्यांना ती भिंत खरंच राखाडी दिसत होती.

व्याही बाहेर आल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विहीणबाईंना हळूच सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता मान हलवली. “मला ठाव न्हाय व्हय, दादा? दिवाळीला राखाडी म्हणून जांभळं लुगडं आणलं मला. नेसले की. काय बोलू? त्यांच्याजवळ दुसरं हाय काय, रंगाबिगर?” मग म्हणाल्या, “तुमी सांगा. तुमचा मान ठेवतील.” मान! मी त्या दिवशी बाहेर येऊन एवढंच म्हणालो, “एकदा त्या कॉइल बघायच्या का?” “त्या मी लावल्यात,” व्याही म्हणाले, आणि तो विषय संपला. नंतर आठवडाभर मी रोज सांगायचं ठरवून गेलो आणि रोज कडक भाकरी आणि चटणी खाऊन परत आलो.

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. दुधनीला पत्र लिहायचं होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आमच्याकडे पाऊस बरा आहे, सुनेची तब्येत ठीक आहे. मग ते म्हणाले, “लिव्हा. माझ्या हातनं आता सेट व्हत न्हाय. रविवारी माझी वाट बघू नका. आपलं बोलणं झालं तेवढं झालं.” मी ‘रविवारी’ लिहिलं आणि पेन पुढे सरकेना. तीस वर्षांचं बोलणं माझ्या अक्षरात बंद होणार होतं, आणि तेही चार ठिपक्यांपायी, ज्यांचा रंग मला माहीत होता. नऊ वर्षांत जे केलं नव्हतं ते मी केलं. टेबलावर हात आपटला आणि ओरडलो, “हात नाही गेले, डोळे गेलेत तुमचे! कॉइल चुकल्यात! घर जांभळं आहे तुमचं, जांभळं!”

आतली भाकरीची थापथाप बंद झाली. व्याही मग उठून अंगणात गेले आणि भिंतीला नाक लावून उभे राहिले. तेवढ्यात मंद्रूपहून भाजी घेऊन येणारी म्हातारी दारात पाटी टेकवत होती. “मावशी,” त्यांनी विचारलं, “ह्या भितीचा रंग कंचा?” ती बिचारी गोंधळली. “ह्यो व्हय? जांभळाच की, अण्णा. लई दिस इचारीन म्हनत हुते, असला कशापायी लावलासा?” व्याही आत आले, माझ्या पुढ्यातला कागद घेतला, घडी करून खिशात घातला आणि खोलीत जाऊन पडले.

चार दिवस त्यांच्याकडून ना फोन, ना निरोप. मी घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, “पोरीच्या सासऱ्यावर ओरडलात? तुमचं वय काय, नातं काय!” पुण्याहून मुलीचा फोन आला की मी तो बायकोकडे द्यायचो. पाचव्या दिवशी पाणी यायचं होतं. पहाटे फोन वाजला. “पाव्हणं, उठा, पाणी आलं,” नेहमीचाच आवाज. आणि ठेवायच्या आधी, “आन ते डोळ्याच्या डॉक्टरकडं कवा जायाचं, ते ठरवा.” मी फोन ठेवला आणि बादली लावायची सोडून तिथेच खुर्चीवर बसलो. इतकं हलकं मला मुलीच्या पाठवणीनंतरही वाटलं नव्हतं.

एक डोळा झाला. पट्टी निघाली त्या सकाळी रिक्षातून उतरताना ते मधेच थबकले, एक पाय रिक्षात, एक रस्त्यावर. बराच वेळ घराकडे बघून म्हणाले, “आयला! असल्या घरात राहिलो दोन वरसं?” विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता रडल्या. दहा वाजता ते उत्तरेच्या दारात बसले, रंगांचं जुनं पुस्तक मागवलं आणि पान पान बघितलं. मी धास्तावून विचारलं, “कसं वाटतंय?” “हायत,” ते म्हणाले. “सगळे हायत. जांभळा कुटं गेला हुता कुणास ठाव.” डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी स्वतः चारही कॉइल सोडवल्या, जिभेला न लावता ओळखल्या आणि जागच्या जागी बसवल्या. टॉवेल अंथरला नाही, वर्तमानपत्र अंथरलं.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना बटण दाबलं. हेडफोनबाहेर मलाही ऐकू येईल अशी खरखर आली आणि तिच्या आत कुठेतरी बारीक टकटक होती. व्याह्यांचं बोट टेबलावर तिच्याबरोबर हलू लागलं, थांबलं, पुन्हा हलू लागलं. त्यांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. “काय?” मी विचारलं. “दुधनी हाय,” ते म्हणाले. “मला हाक मारलालाय. दहा वाजायच्या आधीच बसलाय.” मग त्यांनी उत्तर दिलं, आणि पलीकडची टकटक एकदम थांबली. ती इतका वेळ थांबली, की मला वाटलं सेट पुन्हा गेला. नंतर ती आली ती अडखळत, चुकत आली. व्याही ऐकत होते आणि नव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. डॉक्टरांनी पाणी येऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण मी ते गळू दिलं. “काय म्हणतात?” शेवटी मी विचारलं. “म्हणतोय, पंधरा म्हईने झाले, दर रविवारी हाक मारतोय. त्याला वाटलं, त्याचं कान पुरतं गेलं. म्हणून मी ऐकू येत न्हाय.” त्यांनी डोळे पुसले. “आन इचारतोय, ऊटा आयता?”

घराचा रंग बदलायचा का, असं मी नंतर एकदा विचारलं. व्याही ओट्यावर बसून भिंतीकडे बघत होते. “राहू दे,” ते म्हणाले. “एवढ्या लोकांनी दोन वरसं बघितला आन मला कळू दिलं न्हाय. असू दे की.” दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे. दुधनीकरांना चौऱ्याऐंशीवं लागलं आहे आणि त्यांची टकटक हल्ली संथ येते. कधी एखादं अक्षर अर्धं राहतं, ते व्याही आपल्या मनानं पुरं करतात. रविवारी दहा वाजता मीही तिथं जाऊन बसतो. मला ती भाषा येत नाही, पण सुरुवातीची ती एक टकटक आता ओळखू येते. ती आली की व्याही माझ्याकडे बघतात, मी ‘झालं’ म्हणून मान हलवतो, आणि ते माझंही जेवण झाल्याचं दुधनीला कळवतात.